अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या

शेवटचा टाका उरला होता. शालननं एकदम मांडी आवळली, माझा हात सटकला आणि वाकडी सुई ग्लोव्हमधून माझ्या डाव्या हाताच्या बोटात घुसली.

सुई टोचणं मला नवीन नव्हतं. अकरा वर्षं नोकरी झाली होती, त्यातली सात बाळंतपणाच्या खोलीत. ग्लोव्ह काढला. बोटावर रक्ताचा टिपूस होता. साबणानं हात धुतला, नवा ग्लोव्ह चढवला आणि टाका पुरा केला.

"टोचलं तुमाला?" शालननं विचारलं.

"होतं असं. तू हलू नकोस."

ती आली तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. चैत्रातली दुपार, जीपमधून उतरवून थेट टेबलावर घेतली. नावापलीकडं काही विचारायलाही उसंत मिळाली नाही, रक्त तपासणं तर दूरच. वीस मिनिटांत मुलगा झाला. बोरवडच्या देवकरांची सून. नवरा गुंटूरला गलाईच्या दुकानात. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या या कामासाठी आमच्या भागातली माणसं कुठं कुठं पांगलेली असतात. सोबत सासू होती, हौसाबाई. दवाखान्यातली मावशी बाळाला गुंडाळून तिला दाखवायला बाहेर घेऊन गेली आणि आम्ही दोघीच खोलीत उरलो.

"बाई, दार लावा," शालन म्हणाली.

मला वाटलं, लाज वाटतेय. दार लोटलं. ती छताकडं बघत होती. बावीस-तेवीसची असेल. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"माझ्या रक्तात दोष हाय," ती म्हणाली. "एचआयव्हीचा. पाचव्या म्हैन्यात सांगलीला तपासलं. आज कळा सुरू झाल्याबरोबर त्यांनी दिलेली गोळी घेतली मी."

माझ्या हातात ट्रे होता. तो मी खाली ठेवला.

"घरात माहीत आहे?"

"मालकांस्नी हाय. त्यांनीच बजावलंय, कुठं बोलू नगं म्हणून. माहेरात वैनीला ठावं हाय, तीच घेऊन गेली हुती तपासायला. आत्याबाईस्नी न्हाई." मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "टोचलं तर औषध असतं म्हणं. लगोलग घ्यावं लागतं. तिथल्या मॅडम सांगत हुत्या. तुमी घ्या. पण माझं नाव कुठं घेऊ नगा बाई. पोराला ठेवून घेतील आन मला घालवतील."

"नाही घेणार."

"शपथ मागत न्हाई मी," ती म्हणाली आणि परत छताकडं बघू लागली.

*

डॉक्टर मुजावर आमचे वैद्यकीय अधिकारी. साठीकडं झुकलेले, सावकाश बोलणारे. त्यांच्या खोलीत मी उभीच राहिले. सांगून झाल्यावर त्यांनी माझं बोट उजेडात धरून बघितलं.

"टाक्याची सुई. पोकळ नाही, हे चांगलं. इंजेक्शनची पोकळ सुई टोचली तर साधारण तीनशेत एकाला होतो. याचा धोका त्याहून कमी."

"म्हणजे गोळ्या नकोत?"

"मी तसं म्हणालो नाही." त्यांनी कपाट उघडून पांढरी डबी काढली. "सकाळ-संध्याकाळ. अठ्ठावीस दिवस. पहिली आत्ता, इथंच घे. जितका उशीर, तितका उपयोग कमी. बहात्तर तासांनंतर काहीच नाही."

"माझी मुलगी अंगावर पिते."

मुक्ता तेव्हा सात महिन्यांची होती. डॉक्टरांनी कपाटाचं दार लावलं.

"पाजणं बंद करावं लागेल. गोळ्या घेतल्यास तरी आणि न घेतल्यास तरी. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी होईपर्यंत. आणि घरी मिस्टरांना सांगावं लागेल. तोवर निरोध वापरायचा." मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला. एका रकान्यावर पेन थांबलं. "इथं रुग्णाचं नाव लागतं."

"मी तिला शब्द दिलाय."

आज बाळंतपण एकच झालंय हे त्यांना माहीतच होतं. त्यांनी रकान्यात 'अज्ञात' लिहिलं, खाली सही केली आणि एक प्रत माझ्याकडं दिली.

"माझ्या तोंडून जाणार नाही. पाणी आहे तिथं. घे."

मी डबी पर्समध्ये टाकली. "घरी जाऊन जेवून घेते," म्हणाले.

का नाही घेतली, हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. मनात असं काहीतरी होतं की गोळी गिळली म्हणजे झालंच ते आपल्याला. नाही गिळली, तर नुसती एक सुई टोचली, एवढंच. इतरांना समजावून सांगणारी मी, पन्नास जणींना 'घाबरू नका, औषध घ्या' म्हणाले असेन.

घरी पोचले तर मुक्ता दिगंबरच्या कडेवर होती. मला बघून झेपावली, नेहमीसारखा पदर ओढायला लागली. मी तिला लांब धरलं. ती आधी हसली, खेळ वाटला तिला. मग रडायला लागली.

"घे की तिला," दिगंबर म्हणाला.

"कणकण वाटतेय. ताप असेल. आज वरचं देऊ."

माझा नवरा दिगंबर बोरवडच्या शाळेत गुरुजी होता. रोज मोटारसायकलवरून जाऊन यायचा. स्वभावानं वाईट माणूस नव्हता, आजही म्हणणार नाही. त्यानं दूध गरम केलं, वाटी-चमच्यानं पाजायला बसला. ती थुंकत होती. माझ्या छातीला तडस लागली होती, झंपर ओला झाला होता. मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकलं आणि पाणी सोडलं. डबी पर्समध्येच राहिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले. बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे होते. डॉक्टरांनी त्याच वेळी द्यायला म्हणून दुसऱ्या औषधाची छोटी बाटली मला दिली होती. आईचा आजार बाळाला लागू नये म्हणून असतं ते. तेही तीन दिवसांच्या आत.

"दोन-दोन औषधं?" हौसाबाईनं विचारलं.

"आता असंच असतं आजी. एक पोलिओचं, एक ताकदीचं."

"ताकदीचं द्या, द्या. देवकरांचं नाव चालवायचंय त्याला."

हौसाबाई चहाला गेली. शालन मला हळूच म्हणाली, "तुमी गोळी घेतलीसा?"

"घेतली."

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. खोटं बोललेलं तिला कळलं की काय, देव जाणे.

"रोज घ्या. मळमळतंय म्हणं लई. पेज पिऊन घ्या," ती म्हणाली. "तुमची ल्हान पोरगी हाय ना? मावशी सांगत हुती."

मी वॉर्डातून बाहेर पडले, नर्सेसच्या खोलीत गेले, डबी काढली आणि उभ्या उभ्या गोळी गिळली. सुई टोचून एकोणीस तास झाले होते.

तिसऱ्या दिवशी शालनला घरी सोडलं. हौसाबाईनं सगळ्यांना पेढे वाटले. जाताना शालननं मला वाकून नमस्कार केला. टाके ओले होते, तरी वाकली.

*

गोळ्यांनी माझं सगळं अंग ढवळून काढलं. सकाळी उठलं की ओकारी. भाताचा वास सहन होईना. दिगंबरला म्हणाले, पित्त झालंय. मुक्ताला पाजत नाही कारण दूध आटलंय. रात्री अंगाला हात लावू देत नाही कारण थकलेय. एक खोटं झाकायला दुसरं. डॉक्टर दोनदा म्हणाले, "घरी सांगितलंस का?" मी म्हणाले, सांगते.

अकराव्या दिवशी, रविवार होता, मी मुक्ताला झोपवून स्वयंपाकघरात आले तर दिगंबर पाटावर बसला होता. समोर डबी.

"मेडिकलवाल्या भोसल्याला दाखवून आलो," तो म्हणाला. "ही कशाची गोळी आहे ते कळलं मला. कधीपासून आहे तुला?"

"मला काही नाही. सुई टोचली. होऊ नये म्हणून घेतेय."

"मग लपवलंस का?"

मी डबी उचलून घेतली.

"माझ्या पोरीला झालं असेल तर?"

"तिला कसं होईल? त्या दिवसापासून पाजलं नाही मी तिला."

"हे तू सांगतेस." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. फॉर्मची प्रत. माझ्या ट्रंकेतून काढली होती. "दवाखान्यातल्या नर्सला सुई टोचली आणि ज्याची टोचली तो पेशंट अज्ञात? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला टाके घालत होतीस काय? मी काय खुळा आहे, हेमा?"

"नाव नाही सांगता येत. शब्द दिलाय मी."

"कुणाला?"

मुक्ता जागी होऊ नये म्हणून मी दार लोटलं.

"बाई आहे का बुवा आहे, तेवढं तरी सांग."

त्याचा आवाज चढला नव्हता. तो रडत होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती, त्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या नाइट ड्यूट्या, मुजावर डॉक्टरांच्या गाडीतून एकदा घरी आले होते ते, सगळं एकेक करून बाहेर यायला लागलं. शेवटी तो म्हणाला, "मुक्ताला घेऊन मी उद्या आईकडं जातो. तुझे रिपोर्ट आले की बघू."

तेव्हा मी सांगितलं.

"शालन देवकर. बोरवडची. मुलगा झाला तिला."

त्यानं डोळे पुसले. "हौसाबाईची सून?"

"कुणाला बोलू नकोस. तुला मुक्ताची शपथ."

"नाही बोलणार," तो म्हणाला.

चार दिवसांनी शाळेतून आला तोच मोकळा मोकळा दिसत होता. मुक्ताला उचललं, हवेत उडवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "खरं होतं तुझं."

"काय?"

"म्हातारी शाळेपाशी भेटली होती परवा. तुझं नाव घेतलं नाही हां मी. एवढंच म्हणालो, बाळंतिणीचं रक्तबिक्त तपासून घेतलं का, हल्ली बघावं लागतं, लोक काय काय बोलतात. तिनं घरी जाऊन सुनेची पेटी उचकटली. सांगलीचा कागद सापडला." तो पाटावर बसला. "माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. चहा ठेवतेस?"

मी चहा ठेवला. दूध उतू गेलं, ते पुसलं.

आठवड्याभरात मावशीनंच वॉर्डात बातमी आणली. देवकरांनी पोरगा ठेवून घेतला आणि सुनेला माहेरी धाडली, माळेवाडीला. नवरा गुंटूरहून आला नाही. फोनवर म्हणाला म्हणे, आई म्हणेल तसं.

मी गेले नाही. ना बोरवडला, ना माळेवाडीला. गोळ्या तेवढ्या नेमानं घेतल्या, अठ्ठावीस दिवस, एकही न चुकवता.

*

शेवटच्या तपासणीला सांगलीला गेले तेव्हा दसरा होऊन गेला होता. आमच्या दवाखान्यात तपासलं असतं तर चर्चा झाली असती. बाकावर नंबराची वाट बघत बसले होते. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. शालन होती. गालफडं बसली होती, मंगळसूत्र तसंच होतं.

"बाई, तुमी?" ती म्हणाली. मग कळून खालच्या आवाजात, "शेवटची का?"

"हो."

"मागच्या काय आल्या?"

"निगेटिव्ह."

"मग ही बी तशीच यील." तिनं खरोखर सुस्कारा सोडला. "माझ्या जिवाला घोर लागून ऱ्हायला हुता."

मी बाळाचं विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"श्रावणात गेलं पोरगं. म्हशीचं दूध पाणी घालून पाजायच्या आत्याबाई. जुलाब लागलं. दोन दिवस मला कळवलं न्हाई. गेलो तवा पुरून आले हुते." पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "त्याचं रक्त बी तपासायचं ऱ्हायलं. चांगलं असतं का वाईट, काय ठावं."

"औषध तर वेळेवर दिलं होतं आपण," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"व्हय. तुमीच पाजलंसा." तिनं पदराचं टोक सोडलं. "माझ्याकडं बी हुती बाटली. हितल्याच मॅडमनी आधीच दिली हुती, गोळीसंगं. कुणाला न सांगता पाजणार हुतो मी. तुमी पाजलंसा म्हणून माझी वतून दिली."

इतके दिवस मी स्वतःला एक समजूत घालत आले होते. तिनं मला सांगितलं ते पोराच्या औषधासाठी. तिलाही गरज होती, मलाही होती, फिटंफाट. तिला माझी काहीच गरज नव्हती. सुई टोचल्यावर ती गप्प बसली असती तरी तिचं सगळं पार पडलं असतं.

"घरात कसं कळलं म्हणे?" मी विचारलं.

"कुणी सांगितलं ते आत्याबाई बोलल्या न्हाईत. गावात बोलत्यात म्हणाल्या. पण मला ठावं हाय. वैनी." तिचा चेहरा पहिल्यांदाच कठीण झाला. "इंदूवैनी. तिच्याबिगर कुणाला ठावं हुतं? पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगती, म्या न्हाई बोलले. तिच्याच घरात ऱ्हातो आता, कुठं जाऊ? पण तिच्या हातचं पाणी पीत न्हाई मी. माझी चूल येगळी मांडलीया, गोठ्याच्या कडंला."

"शालन, मलाही माहीत होतं."

एवढं बोलले मी. याच्या पुढचं वाक्य तोंडात तयार होतं.

"तुमची गोष्ट येगळी," ती म्हणाली. "तुमी शब्द दिलावता."

आतून माझा नंबर पुकारला. मी उठले. रक्त देऊन बाहेर आले तेव्हा ती दुसऱ्या खोलीच्या रांगेत उभी होती, पाठमोरी. हाक मारायला तोंड उघडलं होतं. स्टँडवर आले, विट्याची गाडी लागली होती, चढले.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. दिगंबरनं साखर वाटली असती, मी नको म्हणाले. मुक्ता तोवर वाटीनं दूध प्यायला शिकली होती. परत पदराशी आली नाही.

*

शालन त्यानंतर चार वर्षं जगली. शेवटी फुप्फुसांचा क्षय झाला. सांगलीहून परत आणली आणि माळेवाडीलाच गेली. मला कळलं ते दिवस-कार्य उरकल्यावर.

मी एका दुपारी गेले. इंदू अंगणात हुलग्याच्या शेंगा बडवत होती. चाळिशीची, राकट बाई. गोठ्याच्या कडेला तीन दगडांची चूल अजून मांडलेली होती. मी बसले नाही. कोण, कुठली ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. सुई, शब्द, दिगंबर, हौसाबाई. सांगलीचं बाकडं पण.

हातातलं बडवणं इंदूनं खाली ठेवलं होतं.

"शेवटच्या म्हैन्यात उठता येत न्हवतं तिला," ती म्हणाली. "चूल पेटवता येईना. मी भाकरी न्यायची, ती तोंड फिरवायची. मग मी शेजारच्या पोरीच्या हातात द्यायची आन सांगायची, तुझ्या आयनं केली म्हणून सांग. तशी खायाची."

"मला माफ—"

"ते ऱ्हाऊ द्या."

ती उठली, आत गेली. मला वाटलं आता येणार नाही. ती तांब्या घेऊन बाहेर आली. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसा माझ्यापुढं धरला.

"म्या न्हाई सांगितलं, म्हणून रोज सांगायची तिला," इंदू म्हणाली. "चार वर्षं. तुमी एकदा आला असता तर."

मी तांब्या घेतला. पाणी प्याले.